दहावा फोटो

आमच्या आईच्या घरात कुठल्याही डब्यावर लिहिलेलं आतमध्ये सापडत नाही. श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, चहाच्या डब्यात बटणं. त्यामुळे परवा माळा आवरताना बिस्किटांचा एक चपटा पत्र्याचा डबा हाताला लागला तेव्हा आत सुया-दोरे असणार असं धरूनच मी तो उघडला. आत फोटो होते. चौकोनी, जाडसर, तीन बाजूंना बारीक पांढरी पट्टी आणि खालच्या बाजूला रुंद. त्या रुंद पट्टीवर मामीच्या तिरक्या अक्षरात बॉलपेननं लिहिलेलं, 'आंबा घाट, मे ८५'.

मी मोजले. नऊ.

"दहावा नाहीये त्यात," आई खालून म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं. शिडी धरून उभ्या असलेल्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्यात किती फोटो आहेत हे न बघता सांगता येतं, म्हणजे बघा.

तर त्या दहाव्या फोटोची ही गोष्ट. आणि तो काढणाऱ्या कॅमेऱ्याचीही, कारण तो कॅमेरा वेगळा असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

१९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेतला मामा तीन आठवड्यांसाठी सांगलीला आला. त्याच्या बॅगेतून चॉकलेटं, परफ्यूमच्या बाटल्या वगैरे नेहमीचा ऐवज निघाला आणि सगळ्यात शेवटी निघाला एक पोलरॉइड कॅमेरा. आम्हाला कॅमेरा म्हणजे शेजारच्यांचा आगफा क्लिक थ्री. त्यात बारा फोटोंचा रोल घालायचा, तो संपायची वाट बघायची (एका रोलवर गणपती आणि संक्रांत दोन्ही निघायचे), मग स्टुडिओत धुवायला टाकायचा. आणि इथे हा मामा म्हणत होता की बटण दाबलं की फोटो बाहेर!

फक्त एक अडचण होती. फिल्मचं एकच पाकीट उरलं होतं. दोन पाकिटं तो वाटेतच संपवून आला होता आणि सांगलीतल्या कुठल्याही स्टुडिओत तसली फिल्म मिळत नव्हती. पाकिटात फोटो दहा, आणि आम्ही माणसं चौदा. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक छोटी खिडकी होती, तिच्यात किती फोटो उरले ते दिसायचं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि त्या सहलीत देवापेक्षा जास्त वेळा मी त्या खिडकीचं दर्शन घेतलं असेल :)

सहल ठरली गणपतीपुळ्याची. मॅटॅडोर भाड्यानं घेतली. निघताना मामानं पाकीट आत सरकवलं आणि घर्रर्र करत एक काळा पुठ्ठा बाहेर आला. आम्ही सगळी पोरं 'फोटो वाया गेला' म्हणून हळहळलो. तो फिल्मवरचा झाकणाचा पुठ्ठा होता, पण त्या दिवशी मामानं आम्हाला बराच वेळ तसंच समजू दिलं.

आता जरा मागे जाऊ या.

हा कॅमेरा मुळात एका सहलीतच सुचला. एडविन लँड हा गृहस्थ अमेरिकेत प्रकाशाचं ध्रुवीकरण करणारे पारदर्शक पापुद्रे बनवायचा, म्हणजे उन्हातल्या चष्म्यांना वगैरे लागतात ते. त्यावरूनच १९३७ मध्ये त्याच्या कंपनीचं नाव पोलरॉइड ठेवलं गेलं. फोटोशी तिचा फारसा संबंध नव्हता. १९४३ मध्ये तो कुटुंबाबरोबर न्यू मेक्सिकोतल्या सांता फे गावी सुट्टीवर गेला होता. तिथे त्यानं आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा, जेनिफरचा, फोटो काढला. तो आत्ताच का बघायला मिळत नाही, असं तिनं विचारलं. आपण असल्या प्रश्नांना 'मोठी झालीस की कळेल' म्हणून गप्प करतो. हा माणूस त्या गावातून फिरायला निघाला आणि तासाभरात त्याच्या डोक्यात कॅमेरा, फिल्म आणि रसायन यांची ढोबळ मांडणी तयार होती, असं त्यानंच पुढे सांगितलं आहे.

ढोबळ मांडणी तासाभरात झाली तरी प्रत्यक्षात यायला वर्षं गेली. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या एका सभेत लँडनं स्वतःचाच फोटो काढून मिनिटभरात सोलून दाखवला. आणि २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनमधल्या जॉर्डन मार्श या मोठ्या दुकानात 'मॉडेल ९५' विक्रीला आलं. किंमत ८९ डॉलर ७५ सेंट, वजन जवळजवळ दोन किलो. दुकानात ठेवलेले सगळे कॅमेरे पहिल्याच दिवशी संपले.

सोलून म्हणजे अक्षरशः सोलून, बरं का. आतमध्ये दोन कागद असायचे, एक प्रकाश टिपणारा आणि एक नुसता घेणारा. दोघांच्या मध्ये दाट रसायनाची एक छोटी पुडी. फोटो काढून कागद ओढला की दोन रुळांमधून जाताना ती पुडी फुटायची आणि रसायन दोघांमध्ये पसरायचं. जिथे उजेड पडलेला नाही तिथली चांदीची संयुगं विरघळून पलीकडच्या कागदावर जायची आणि तिथे काळी व्हायची. मिनिटानं दोन्ही कागद वेगळे करायचे. एक फोटो, दुसरा कचरा. निगेटिव्ह त्या कचऱ्यात जायचं. (व्यावसायिकांसाठी पुढे निगेटिव्ह जपता येईल अशीही एक फिल्म निघाली. अॅन्सेल अॅडम्स हा थोर निसर्गछायाचित्रकार १९४९ पासून कंपनीचा सल्लागार होता आणि असल्या फिल्म तो डोंगरांत नेऊन तपासायचा. पण सहलीला निघालेल्या सामान्य माणसाच्या हातात फोटो येई तो एकुलता एक.)

सुरुवातीचे फोटो तपकिरी, १९५० पासून काळे-पांढरे. हे काळे-पांढरे फोटो उडून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर एका बोळ्यानं संरक्षक द्रव फिरवावा लागे. १९६३ मध्ये रंग आले.

जागच्या जागी फोटो मिळणं ही गोष्ट मात्र अगदीच नवी नव्हती. आपल्याकडच्या जत्रांत आणि कचेऱ्यांबाहेर लाकडी पेटीचा कॅमेरा घेऊन बसणारे फोटोग्राफर असायचे. पेटीच्या आतच अंधारखोली. बाहीतून हात घालून तो माणूस कागदावरचं निगेटिव्ह आतच धुवायचा, मग त्या निगेटिव्हचाच पुन्हा फोटो काढून सरळ प्रत करायचा. अफगाणिस्तानात अशाच पेटीला 'कामरा-ए-फौरी' म्हणत. फौरी म्हणजे तत्काळ! पण तिथे ती जादू येत होती त्या पेटीवाल्याला. लँडनं ती घरच्या माणसाच्या हातात दिली.

मामाच्या कॅमेऱ्याचं घराणं सुरू झालं १९७२ मध्ये, एसएक्स-७० या कॅमेऱ्यापासून. घडी घातली की कोटाच्या खिशात मावणारा, किंमत १८० डॉलर. यात सोलणं नाही, कचरा नाही. सगळे थर एकाच पापुद्र्यात बंद. फोटो भर उन्हात बाहेर येतो आणि तरी जळत नाही, कारण रसायनातच एक गडद पडदा असतो. तो आधी उजेड अडवतो आणि फोटो तयार होत जाईल तसा स्वतः पारदर्शक होतो. मला तर हा पडदा सगळ्या यंत्रात हुशार वाटतो. कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा फिल्मच्या पाकिटातच असते, त्यामुळे नवं पाकीट म्हणजे नवी बॅटरी. आणि ती खालची रुंद पांढरी पट्टी? ती लिहिण्यासाठी ठेवलेली नाही. रसायनाची पुडी तिथे लपवलेली असते. म्हणजे मामीनं 'आंबा घाट' लिहिलंय ते त्या फुटलेल्या पुडीच्या पाठीवर.

आणि हो, फोटो हलवायचा नसतो! हलवण्याची सवय जुन्या सोलायच्या फोटोंची, ते ओले असत. २००३ मध्ये एका गाजलेल्या अमेरिकन गाण्यानं 'पोलरॉइडसारखं हलवा' असं सगळ्या जगाला सांगितलं, तेव्हा कंपनीला खुलासा करावा लागला की कृपया हलवू नका. आम्ही १९८५ मध्ये गाणं न ऐकताच हलवले. आळीपाळीनं.

इथे एक गोष्ट सांगते, ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनी १९७० च्या दशकात एका चित्रपटाच्या शोधात उझबेकिस्तानात फिरत होता. बरोबर लेखक तोनिनो गुएर्रा. वाटेत भेटलेल्या तीन म्हाताऱ्यांचा त्यानं पोलरॉइड काढला आणि लगेच त्यांना भेट दिला. त्यातल्या सगळ्यात वयस्क माणसानं एकदा बघितलं आणि परत केला. काळ थांबवून करायचंय काय, असा त्याचा प्रश्न होता. ही आठवण गुएर्रानं रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या पोलरॉइड फोटोंच्या पुस्तकात सांगितली आहे. तारकोव्हस्कीनं १९७९ ते १९८४ या काळात आपलं रशियातलं गावचं घर, बायको, मुलगा, कुत्रा असे फोटो काढले, मग इटलीतले. १९८४ मध्ये त्यानं मायदेशी परतणार नाही असं जाहीर केलं आणि १९८६ च्या डिसेंबरात तो पॅरिसमध्ये वारला. धुक्यातलं कुंपण, खिडकीतला उजेड, एवढंच असतं त्या फोटोंत. घर सोडून निघालेल्या माणसाला काळ थांबवून काय करायचं असतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. मला दोघांचंही पटतं, त्या म्हाताऱ्याचं आणि तारकोव्हस्कीचं.

पण झटपट फोटो म्हणजे नुसती भेटवस्तू नाही, हेही लिहायला हवं. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना स्वतःच्याच देशात हिंडायला-फिरायला पासबुक बाळगावं लागे आणि त्या पासबुकांवरचे फोटो काढायला पोलरॉइडची यंत्रणा वापरली जात होती. १९७० मध्ये कंपनीतच काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघांच्या हे लक्षात आलं. त्यांनी आंदोलन उभं केलं. हंटर यांना नोकरी गमवावी लागली. १९७७ मध्ये तिथला वितरक सरकारला गुपचूप माल विकतो आहे हे उघड झालं, तेव्हा कंपनीनं त्या देशातला व्यवहार बंद केला. हाही प्रवासाचाच फोटो, पण तो जवळ नसला तर तुरुंग. फोटो काढून झाल्यावर तो कुणाच्या हातात जातो आणि कुणाच्या मर्जीनं, यावर सगळं आहे.

असो. आमची मॅटॅडोर एव्हाना जयगडला पोचली आहे.

किल्ला बघून झाला होता. खिडकीत आकडा उरला होता एक. सगळ्यांचं ठरलं होतं की शेवटचा फोटो सगळ्यांचा मिळून, खाडीच्या काठावर. आम्ही होडीतून एक चक्कर मारली. होडीवाले चाचा साठीचे असतील, बरोबर त्यांची पाच-सहा वर्षांची नात. आमचे अण्णा, म्हणजे आईचे वडील, एरवी कमी बोलणारे, फोटोत तर खांबासारखे. पण त्या चाचांशी त्यांचं काय जमलं कोण जाणे, वाऱ्याबद्दल, माशांबद्दल अर्धा तास बोलणं चाललं होतं आणि मध्येच अण्णा खो-खो हसले. मामानं विचार न करता बटण दाबलं. उन्हातसुद्धा त्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडायचा. ती पोर दचकली, मग हसायला लागली.

फोटो हळूहळू वर आला. उकाड्यानं जरा तांबूस. आम्ही सगळे डोकी घालून बघत होतो. चाचांनी विचारलं, "पोस्टानं पाठवणार काय?"

मामा म्हणाला, "नाही चाचा, हा एकच असतो."

"तसंच सांगतात सगळे. पत्ता लिहून नेतात. आजवर एक आला नाही."

ते रागानं म्हणाले नव्हते. हवामान सांगावं तसं म्हणाले. आजीनं मामाच्या हातातून फोटो घेतला आणि त्या पोरीच्या हातात दिला. मामा "अगं आई, तो शेवटचा..." एवढंच म्हणू शकला. आजी म्हणाली, "लेकरू त्यांचं आहे ना त्यात? मग त्यांचाच तो." मामीला त्या पट्टीवर काही लिहायलाही मिळालं नाही.

परतीच्या वाटेवर मामा गप्प होता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अण्णा गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एक पेन्शनच्या कागदांवरचा मिळाला. तोच मोठा करून घेतला. त्यात अण्णा असे दिसतात की जणू कुणीतरी त्यांना श्वास रोखून धरायला सांगितलाय. तेव्हापासून आमच्या घरात 'तो फोटो असता तर' हे वाक्य आहे. आईनं ते आजीसमोर कधीही म्हटलं नाही. आजी गेल्यानंतर म्हणायला लागली.

पोलरॉइडचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत असेल. १९७६ मध्ये कोडॅकनं स्वतःचा झटपट कॅमेरा काढला, पोलरॉइडनं पेटंटसाठी खटला भरला, तो जिंकला आणि १९८६ मध्ये कोडॅकला हा धंदा सोडावा लागला. लँड त्याआधीच, १९८२ मध्ये, कंपनीतून पूर्ण बाहेर पडला होता. १९९१ मध्ये तो गेला. डिजिटल कॅमेरे आले आणि २००१ मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. २००८ मध्ये फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर झालं. तेव्हा काही वेड्या लोकांनी नेदरलँड्समधल्या एन्सखेडे गावातल्या शेवटच्या कारखान्याची यंत्रं विकत घेतली. जुनी रसायनं मिळत नव्हती म्हणून ती नव्यानं शोधली, आणि २०१० मध्ये फिल्म बाजारात आणली. २०२० पासून ते पोलरॉइड हेच नाव लावतात. मामाचा कॅमेरा त्याच्या तळघरात पडून आहे. नवं पाकीट घातलं तर बहुधा चालेल, बॅटरी पाकिटातच असते ना!

दुसरीकडे जपानच्या फुजीफिल्मनं १९९८ मध्ये इन्स्टॅक्स मिनी काढला आणि आज माझ्या भाचीच्या पिढीत तोच जास्त दिसतो. तिच्याकडे तर छोटा प्रिंटर आहे, फोनमधल्या फोटोची तसली प्रत काढणारा. वाटेत भेटलेल्यांना ती भराभर प्रती वाटते. मी तिला म्हटलं, "पण मूळ तर तुझ्या फोनमध्येच राहतो. तुझं काही जात नाही यात." ती म्हणाली, "मग चांगलंच ना, मावशी?" मला उत्तर सुचलं नाही. चांगलंच आहे. त्या चाचांना पोस्टाची वाट बघावी लागली नसती आणि अण्णा आमच्या भिंतीवर हसले असते.

डबा सापडला त्या रात्री मी मामाला फोन केला. तो आता ऐंशीच्या घरात आहे. दहाव्या फोटोचा विषय काढल्यावर म्हणाला, "अगं, त्यात अण्णा नव्हतेच. मी त्या पोरीचा आणि तिच्या आजोबांचा काढला होता. अण्णा माझ्या शेजारी उभे होते."

मी म्हटलं, "मामा, मी बघितलाय तो."

"मीही बघितलाय," तो म्हणाला. "काढला मी."

यावर काय बोलणार? निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. पाच मिनिटं चौदा जणांनी मिळून बघितलेला फोटो. त्यातले सात जण आता नाहीत.

आईला सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला आणि मग सांगितलं. "दादाला काय आठवतंय," एवढं म्हणून ती कुकर लावायला आत गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "टोपी काढून मांडीवर ठेवली होती त्यांनी. वारं होतं म्हणून."

नऊ फोटो स्कॅन करून सगळ्या भावंडांना पाठवतेय. त्या मॅटॅडोरमध्ये जे जे होते त्यांनी दहावा कसा आठवतो ते कळवा. एकमेकांना न विचारता, प्लीज. आणि जयगडकडचं कुणी हे वाचत असेल तर... ती मुलगी आता पंचेचाळीसच्या आसपास असेल. फोटो परत नकोय. त्यात टोपी मांडीवर ठेवलेला एक म्हातारा आहे का, एवढंच बघून सांगा.